उत्प्रेरक म्हणजे ढकलणारा?

दाभोळ खाडीच्या काठावरच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. 'उत्प्रेरक' म्हणजे काय विचारलं की दरवर्षी तेच: 'जो प्रेरणा देतो तो', 'जो अभिक्रियेला ढकलतो तो'. एका पेपरात तर 'उत्तेजक'! पोरांचं चुकत नाही. उत् अधिक प्रेरक अशी फोड केली की हाच अर्थ हाती लागतो. पण जी अभिक्रिया मुळात होणारच नाही, ती उत्प्रेरक घडवत नाही. होऊ शकणारीला तो कमी ऊर्जेची वाट काढून देतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ मध्ये 'कॅटॅलिसिस' हा मूळ शब्द घडवला तो 'सैल करणे, सोडवणे' अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून. गाठ सैल करणं वेगळं, मागून रेटणं वेगळं. दुसरा मराठी शब्द सुचतो का कुणाला?

— ताई, घरात 'विरजण' आहे की! चमचाभर घातलं की पातेलंभर दुधाचं दही.

— विरजण मीही सांगायचे. मग एका मुलीने विचारलं, "बाई, विरजण शेवटी तेवढंच उरतं का?" नाही उरत. त्यातले जिवाणू दुधात वाढतात, म्हणून तर त्याच दह्यातलं चमचाभर उद्याला चालतं. जिवाणूंमधली विकरं (एन्झाइम) मात्र खरे उत्प्रेरक, तेवढं मुलांना जरूर सांगावं.

तेव्हापासून मी वर्गात वजनकाटाच आणते. एक ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड, काळी पूड. हायड्रोजन पेरॉक्साइड एरवी गप्प पडून असतं; त्यात ही पूड पडली की फसफसून वर येतं. वर विझत आलेली उदबत्ती धरली की भप्पकन पेटते, ऑक्सिजन सुटतोय ना! मग पूड गाळायची, धुवायची, नीट वाळवायची आणि मुलांनाच तोलायला लावायची. पुन्हा एक ग्रॅम. तो काटा बघताना त्यांचे चेहरे बघावेत.

— म्हणजे ती पूड नुसती हजर असते?

— नाही, आणि 'केवळ उपस्थितीमुळे अभिक्रियेचा वेग बदलणारा' ही पाठ केलेली व्याख्या मला इथेच खटकते. उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो आणि शेवटी मोकळा होतो. आमच्याकडे धोपाव्याला जायला फेरीबोट आहे. ती नसेल तर चिपळूणकडून भला मोठा वळसा. बोट धक्क्यावर नुसती उभी राहत नाही. माणसं, गाड्या पोटात घेते, पलीकडे उतरवते आणि रिकामी होऊन पुढच्या फेरीला तयार. दोन्ही काठ जिथल्या तिथे. शिवाय जाणाऱ्याला जितकी सोय, तितकीच येणाऱ्याला. उलट अभिक्रियेचा वेगही उत्प्रेरक तसाच वाढवतो. हे एवढं सांगितलं की 'उत्प्रेरक' शब्द बदलायची मला गरज वाटत नाही.

— आणि 'ती घटना आंदोलनाला उत्प्रेरक ठरली' असं छापून येतं ते?

— तिथे 'ठिणगी' लिहावं. घटना घडून जाते, पुढच्या फेरीला परत येत नाही.