बफी पुन्हा पाहताना : बळ दिले, पण विचारले का?

रातराणी :
‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही १९९७ ते २००३ या काळात दाखवली गेलेली अमेरिकी मालिका मी नुकतीच पुन्हा, सगळे १४४ भाग, पाहून संपवली. पहिल्या खेपेस व्हॅम्पायरच्या छातीत खुंटी ठोकणारी शाळकरी मुलगी, म्हणजे राक्षसांशी लढायला निवडलेली ‘स्लेयर’ बफी, पाहूनच मी भारावले होते. आता मात्र बफीचे खरे भांडण तिला हत्यार समजून वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आहे, असे वाटते. तिसऱ्या पर्वात, ती अठरा वर्षांची होताना, गुरुस्थानी असलेला जाईल्स वरिष्ठ मंडळाच्या आदेशावरून तिच्या नकळत औषध टोचून तिचे बळ काढून घेतो, आणि याला ते लोक ‘परीक्षा’ म्हणतात! सहाव्या पर्वात, जगासाठी मरून मित्रमंडळींच्या मंत्राने परत आलेली हीच मुलगी घरातले नळ फुटल्यावर बँकेत कर्ज मागायला जाते, तिथे घुसलेल्या राक्षसाशी लढते, आणि तरीही तिला कर्ज मिळत नाही. शेवटच्या भागात ‘एका पिढीत एकच मुलगी’ हा पुरातन पुरुषांचा नियम मोडून ती आपली शक्ती जगभरच्या, स्लेयर होऊ शकणाऱ्या सगळ्या मुलींना वाटून टाकते. म्हणून ही मालिका आजही खणखणीत स्त्रीवादी आहे, असे माझे मत आहे.

तिरकस :
माझी हरकत नेमकी त्या शेवटच्या भागालाच आहे. बफीच्या घरी जमलेल्या मुलींना आधी विचारले गेले, हे मान्य. पण जिच्या अंगात जेवता जेवता किंवा मैदानावर खेळताना एकाएकी हे बळ संचारले, तिला कोणी विचारले होते? पुरातन पुरुषांनी पहिल्या मुलीला साखळदंडाने बांधून तिच्यात राक्षसी अंश घातला, तो अत्याचार होता, असे सातवे पर्व स्वतःच सांगते. मग बफीची चेटकीण मैत्रीण विलो हिने ज्या मंत्राने हे बळ वाटले, तो वेगळा कसा ठरतो? त्यात केंड्रा ही कृष्णवर्णीय स्लेयर तीन भागांत येऊन गळा चिरून मारली जाते. शिवाय २०२१ साली कॉर्डेलियाची भूमिका करणाऱ्या करिस्मा कारपेंटर यांनी मालिकेचे निर्माते जॉस व्हेडन यांच्यावर छळाचा जाहीर आरोप केल्यानंतर या स्त्रीवादाकडे भाबडेपणाने पाहता येत नाही.

जुनी_वही :
मालिका एकट्या व्हेडन यांची नव्हती. शेवटच्या दोन पर्वांची सूत्रे बरीचशी मार्टी नॉक्सन यांच्या हाती होती, आणि सारा मिशेल गेलर यांनीही बफीशी आपले नाव जोडलेले असल्याचा अभिमान व्यक्त करताना व्हेडन यांच्यापासून अंतर राखले होते. मला स्वतःला शेवटच्या भागापेक्षा पाचव्या पर्वातला आईच्या मृत्यूचा भाग मोठा वाटतो. कोचावर निष्प्राण पडलेली आई, पार्श्वसंगीत पूर्णपणे बंद, आणि कोणत्याही राक्षसाला लोळवणारी मुलगी जीव वाचवण्यासाठी छाती दाबताना आईची बरगडी मोडते. (तो व्हेडन यांनीच लिहिला आणि दिग्दर्शित केला, हे मात्र मला गिळावे लागते.)

रातराणी :
केंड्राबाबत तिरकस यांचे म्हणणे मला मान्य आहे. तिथे बचाव नाही. संमतीबद्दल मात्र नाही. त्या शेवटच्या दृश्यमालिकेत मारायला उगारलेला हात मध्येच धरणारी मुलगी आठवावी. तिला मार खाण्याआधीही कोणी विचारले नव्हते.

तिरकस :
त्या मुलीपुरते मी गप्प बसतो. पण पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘एंजल’ या जोडमालिकेत डेना नावाची मुलगी येते : लहानपणी अनन्वित छळ सोसलेली, मनोरुग्णालयात ठेवलेली, आणि त्याच मंत्राने अचानक बलवान झालेली. ती स्पाइक या व्हॅम्पायरला आपला जुना छळकर्ता समजून त्याचे दोन्ही हात तोडते. आणि तिला घेऊन जायला कोण येते, तर बफीची माणसे. तेव्हाही तिला कोणी काही विचारत नाही.