शब्दचर्चा : वादळात झाडे ‘पडली’ की ‘उन्मळली’?

प्रश्न : वादळाने आडव्या झालेल्या जंगलांच्या मातीवर मराठीत लिहिते आहे. ‘झाडे पडली आणि मातीतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन वाढले’ या वाक्यातले ‘पडली’ आणि ‘उत्सर्जन’ हे दोन्ही शब्द मला खटकताहेत.

उत्तर : ‘पडली’ खरेच अपुरे आहे. उन्मळून पडणे वेगळे आणि मोडून पडणे वेगळे. ‘उन्मळणे’ आले उन्मूलनावरून, म्हणजे ‘मूळ’ त्यात आहेच. झाड मुळांसकट मातीचा गड्डा घेऊन उपटते, तिथे खड्डा राहतो आणि बाजूला उंचवटा तयार होतो. पानांवाटे पाणी उडून जाणे थांबल्याने माती ओली राहते, खड्ड्यात पाणी साचते, हवा शिरत नाही आणि मिथेन हा हरितगृह वायू तयार करणारे सूक्ष्मजीव जोर धरतात. दोन पावलांवरच्या कोरड्या उंचवट्यातली माती त्याच वेळी हवेतला मिथेन शोषत असू शकते. खोड मोडले तर माती उलथत नाही, मुळे जागच्या जागी मरून कुजतात. हा फरक वाचकापर्यंत पोचायलाच हवा.

दुसरे उत्तर : ‘उत्सर्जन’ म्हणजे फक्त बाहेर टाकणे. चांगला निचरा असलेली जंगलातली माती एरवी मिथेन खाते, तिच्यातले काही जीवाणू त्यावरच जगतात. वादळानंतर हे खाणे नुसते कमी झाले, तर ‘उत्सर्जन वाढले’ म्हणणे चूक ठरेल. शीर्षकात ‘देवाणघेवाण’ चालेल, मजकुरात मात्र वायू कोणता आणि तो कुठल्या दिशेने गेला ते सांगा. नुसते ‘शोषण’ नको, त्याला पिळवणुकीचा वास येतो. ‘शोषून घेणे’ बरे.

प्रश्न : मग ‘मातीचे श्वसन घटले’ म्हणू का?

उत्तर : कुणाचे श्वसन? मातीतून येणारा कार्बन डायऑक्साइड जिवंत मुळांचाही असतो आणि कुजवणाऱ्या जीवांचाही. वादळाने पहिला घटतो. दुसरा वाढू शकतो, कारण जमिनीवर ऊन पोचते आणि मेलेली मुळे, पाचोळा असे खाद्य मिळते. बेरीज जवळपास तेवढीच राहिली तरी वर तो वायू शोषून घेणारी, प्रकाशसंश्लेषण करणारी पाने उरलेली नसतात. नायट्रस ऑक्साइडही विसरू नका. मुळे जो नायट्रेट (नायट्रोजनयुक्त पोषक क्षार) उचलत होती तो मातीतच राहतो, आणि ओल असली की त्याचा काही भाग या वायूच्या रूपाने निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो.

प्रश्न : लेखात जानेवारी 2005च्या ‘गुद्रुन’ वादळाचा उल्लेख आहे. दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे 7.5 कोटी घनमीटर लाकूड आडवे झाले. ते उचलणाऱ्या अवजड यंत्रांच्या चाकांनी जमिनीत पडणाऱ्या खोल खाचांना काय म्हणावे?

उत्तर : चाकोरी! ‘चाकोरीबद्ध’मुळे आपण तिचा मूळ अर्थ विसरलो आहोत, पण चाकांनी रुतून पडलेली वाट म्हणजेच चाकोरी. तिच्यातली माती दबते, छिद्रे मिटतात, पाणी साचते आणि उन्मळलेल्या झाडाच्या खड्ड्यासारखा तिथूनही मिथेन सुटू शकतो.