विषय: बॅटरीचा लीफ ब्लोअर कोणता घ्यावा? आणि लॉनवाल्याने रेट वाढवलाय

नमस्कार मंडळी,
आमच्या मागच्या अंगणात ओक आणि मेपल आहेत, नोव्हेंबरात पानांचा नुसता खच पडतो. आमच्या मेरीलँडमधल्या माँटगमरी काउंटीत पानं उडवायचे गॅसचे (म्हणजे पेट्रोलवरचे) ब्लोअर विकायला १ जुलै २०२४ पासून बंदी होतीच, आता १ जुलै २०२५ पासून वापरायलाही आहे, त्यामुळे बॅटरीचा घ्यायचाय. कोणी वापरताय का? ओली पानं उडतात का? पुढचं लॉन ज्याला दिलंय तो म्हणतो या सीझनपासून पैसे वाढवून द्या, हे खरं आहे की बंदीचं निमित्त?
– जर्मनटाऊन

---

दादा, निमित्त नाहीये हो. आपल्याला एका अंगणापुरत्या दोन बॅटऱ्या पुरतात पण त्याला दिवसभर घरामागून घरं करायची असतात, पाठीवरचा मोठा ब्लोअर फुल स्पीडवर ठेवला की बॅटरी भराभर उतरते, म्हणजे ट्रकमध्ये बॅटऱ्यांचा ढीग आणि त्या चार्ज करायची सोय, हा सगळा खर्च त्याच्या खिशातून. कायदा व्हावा म्हणून आपणच सह्या केल्या ना, मग थोडा भार आपणही उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि बंदीचा सगळ्यात जास्त फायदा लॉनवर राबणाऱ्या त्या माणसांचाच आहे. गॅस ब्लोअरच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं आणि बरंचसं इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं, ते यंत्र पाठीवर घेऊन तो धूर आणि कान फाटेल असा आवाज ते रोज तासनतास सोसत होते. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा हिशोब आहे की मोठा गॅस ब्लोअर एक तास चालवला तर टोयोटा कॅम्री गाडी सुमारे ११०० मैल चालवल्याइतकं धुरकं तयार करणारं प्रदूषण होतं. शेजारी वॉशिंग्टन डीसीत तर २०२२ पासूनच बंदी आहे.

आता खरेदीचं. बॉक्सवर एमपीएच, म्हणजे हवेचा वेग, मोठ्या अक्षरात असतं, त्यावर जाऊ नका, सीएफएम बघा, म्हणजे हवा किती ढकलतो ते, ढीग त्यानेच सरकतो. टर्बो बटण सतत दाबून ठेवलं तर मोठी बॅटरीसुद्धा पाव तासात बसते. जादा बॅटरी फार महाग पडते, म्हणून तुमचा गवत कापायचा ट्रिमर ज्या कंपनीचा आहे त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर घ्या. थंडीत बॅटरी घरात आणून चार्ज करा, शून्य सेल्सियसखाली (म्हणजे ३२ फॅरनहाइटखाली) चार्ज केली की खराब होते. ओली चिकटलेली पानं मात्र नीट उडत नाहीत, ती गॅसच्यानेही कुठे धड उडायची!
– रॉकव्हिल

---

ताईंशी सहमत. एक भर घालते, सगळी पानं उचलायलाच हवीत असं नाही. लॉनवरच्या पानांवरून मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवून ती बारीक करा, तिथेच जिरतात आणि खत होतं, झाडाखालची तशीच राहू द्या, काजव्यांच्या अळ्या हिवाळा तिथेच काढतात. काम कमी झालं की लॉनवाल्याला बॅटऱ्याही कमी लागतील. आम्ही आमच्या माणसाला बाहेरचा प्लग वापरायला दिलाय, जेवणाच्या सुट्टीत तो चार्जर लावतो, आपल्या बिलात फरकही कळत नाही.

जुन्या ब्लोअरमधलं पेट्रोल कचऱ्यात टाकू नका, शेडी ग्रोव्हच्या ट्रान्सफर स्टेशनवर (काउंटीच्या कचरा केंद्रावर) घेतात. आणि विकत घ्यायच्या आधी शनिवारी येऊन आमचा चालवून बघा, फक्त दुपारी या, सकाळी दवाने पानं ओली असतात.
– गेदर्सबर्ग