द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या नवविवाहितांना जन्मजात व्यंगांबद्दल आधी काय सांगावं?

आशाताई_निफाड
आमच्याकडे नवीन लग्न झालेल्या बऱ्याच मुली पेस्ट, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणीच्या कामाला जातात. गरोदरपणाची नोंद होते दुसरा-तिसरा महिना उलटल्यावर, गोळ्याही तेव्हापासूनच. शिवाय नात्यातली लग्नं, मिश्री आणि ग्रहणाची भीती. पाठीवरची गाठ, फाटलेला ओठ टाळायचे तर यातलं आधी काय धरू?

डॉ_प्रसूती
फोलिक ॲसिड, आणि तेही दिवस राहण्याआधी. बाळाची मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते; ती उघडी राहिली की पाठीवरची गाठ होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिसऱ्या महिन्यातली गोळी रक्तवाढीला उपयोगी, पण उघडी राहिलेली नळी तिने मिटत नाही. म्हणून मूल हवं असं ठरलं की किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे भरेपर्यंत. लोहाची लाल गोळी त्यानंतर.

औषधाच्या दुकानात बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती सरसकट देऊ नका. आधीच्या बाळाला नळीचं असं व्यंग होतं, आईला मधुमेह आहे किंवा फिटचं औषध चालू आहे, अशांना ती डॉक्टर लिहून देतात. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये असं बाळ पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं.

व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेणाऱ्या आईच्या दहातल्या सुमारे एका बाळात मोठं व्यंग दिसतं. औषध मनाने बंद करू नये, फिट जिवावर बेतते. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. साखरही आधीच आटोक्यात हवी.

बागसल्लागार
पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, विषारी आणि कातडी भाजणारं. मूल हवं असलेल्या बाईला त्या कामावर लावूच नये. कापडी हातमोजे औषध शोषून कातडीलाच धरून ठेवतात, नायट्राइलचे लागतात. फवारणीनंतर बागेत कधी शिरायचं ते लेबलवर पाहा. नवऱ्याचे फवारणीचे कपडे वेगळे भिजवा, आणि ते तिने धुवू नयेत. अमुक औषधाने अमुक व्यंग झालं असं एका बाळावरून सिद्ध करता येत नाही, पण तेवढ्यासाठी हयगय नको.

जनुकसमुपदेशक
मामे-आते भावंडांच्या लग्नात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट होतो: दोन-तीन टक्क्यांचा चार-सहा टक्के. दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, त्यावर फोलिक चालत नाही. लग्न झालेलं असेल तर दोष देऊ नका. घरात लहानपणी दगावलेली मुलं, बहिरेपण, सिकलसेल, थॅलेसेमिया यांची चौकशी करून तपासणीला पाठवा.

मिश्री म्हणजे तंबाखूच, ती पूर्ण थांबवायची. ग्रहणाचा ओठाशी काहीही संबंध नाही, त्यापायी गरोदर बाईला उपाशी ठेवू नये.

१८ ते २० आठवड्यांत सोनोग्राफी झालीच पाहिजे. तरीही पाठीवर उघडी गाठ घेऊन बाळ जन्मलं, तर सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉझ ठेवा, बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवा आणि लगेच जिल्हा रुग्णालयात हलवा.