टर्की 60 यार्डांवर अडतो तेव्हा

रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीत नर लांबवरच अडून बसला की कॉल, म्हणजे मादीच्या आवाजाची नक्कल, आणखी जोरात द्यावा, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. टर्कीत रीत उलटी: नर गॉबल करत (ही त्याची साद) पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. तुम्ही जितकं बोलाल तितकी त्याची खात्री पटते की बाईसाहेब येतच आहेत. मग तो कशाला हलेल? 60-70 यार्डांवर येरझाऱ्या घालत राहतो, आणि आपल्या शॉटगनचा भरवशाचा पल्ला जेमतेम 40.

पण आपण बसतो त्या जागेचा मुद्दा कोणीच काढत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, ओझार्कच्या डोंगरात माझे पहिले दोन स्प्रिंग सीझन (वसंतातले शिकारीचे हंगाम) जागेच्याच चुकीत गेले. लांबवर नजर जाईल अशा ठिकाणी ओकला टेकून बसायचो. मला तो दिसायचा खरा, पण त्यालाही दिसायचं की आवाज येतोय तिथे मादी नाहीच! आता चढाच्या माथ्याच्या अलीकडे 30 पावलं खाली बसतो. माथ्यावर त्याचं डोकं दिसतं तेव्हा तो टप्प्यातच असतो. तरीही अडला तर कॉल बंद. हाताने पाचोळा उकरायचा, दोन-तीन ओरखडे, थोडं थांबून आणखी एक. मादी चरतेय असं वाटतं. मग 20 मिनिटं गप्प, पायावर गोचीड चढली तरी. जोडीदार असेल तर त्याला 40 यार्ड मागे बसवून कॉल द्यायला लावा. गॉबलच्या दिशेने स्वतः मात्र सरकू नका, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो.