मेट्झच्या वेढ्यातील योम किप्पूरचे चित्र कितपत खरे?

प्रश्न (वाशी)
१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील एक छापील चित्र माझ्या पाहण्यात आले. फ्रान्समधील मेट्झ शहराला वेढा पडला असताना उघड्या माळावर वेढा घालणाऱ्या जर्मन फौजेतील शेकडो ज्यू सैनिक, टोकदार शिरस्त्राणे घालून, योम किप्पूरची (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या व उपवासाच्या दिवसाची) प्रार्थना करीत आहेत. वेढ्याच्या ऐन धामधुमीत एवढा जमाव खरोखर जमला असेल का?

उत्तर (घोडबंदर रस्ता, ठाणे)
प्रार्थना झाली, ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो सण सुरू झाला होता. मात्र ती माळावर नव्हे, तर मेट्झजवळच्या सेंट बार्ब गावात, चार भिंतींच्या आत झाली आणि उपस्थिती शंभराच्याही आत होती. छापणाऱ्यांनी छप्पर काढले आणि माणसे वाढवली. हे दृश्य सुती कापडावरही छापले गेले व त्यावर बायबलमधील मलाखी या संदेष्ट्याचे वचन घातले गेले: ‘आपणा सर्वांचा पिता एकच नाही काय?’ प्रशियाच्या नेतृत्वाखालील उत्तर जर्मन संघराज्यात ज्यूंना समान नागरी हक्क देणारा कायदा १८६९ चा, म्हणजे युद्धाच्या जेमतेम वर्षभर आधीचा. ज्यूही देशासाठी लढतात हे दाखवणारे हे चित्र घरच्यांइतकेच, म्हणजे ज्यूंइतकेच, ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही उद्देशून होते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (टेंभी नाका, ठाणे)
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला आहे. आमच्याकडे या सणाला दारफळणी म्हणतात आणि येथील १८७९ च्या शाआर हाशामायिम सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) त्या दिवशी सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही न घेता प्रार्थना चालते. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष पुरतात. वेढा घातलेल्या फौजेतील शिपायांनी खोलीत दाटीवाटीने उभे राहून हा उपवास पाळला, ही गोष्ट मुळातच मोठी आहे. ती कमी पडेल असे छापणाऱ्यांना वाटावे, याचे मला वाईट वाटते. आमच्यातही शिपाईगिरीची परंपरा जुनी आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी होते.

प्रश्नकर्ता
आपण दोघांचेही आभार. शेजाऱ्यांना ते पटले का?

उत्तर (घोडबंदर रस्ता, ठाणे)
पुरते नाही. ज्यू आघाडीवर जाण्याचे टाळतात, अशा आरोपांवरून प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, सैन्यातील ज्यूंची स्वतंत्र मोजणी केली आणि युद्ध संपेपर्यंत तिचे आकडे प्रसिद्ध केले नाहीत.