मदत हवी आहे: पणजोबांचं नाव सर्वपित्रीच्या आत कसं शोधू?

कोरडा_पाऊस
बाबा गेल्या श्रावणात गेले. वर्षश्राद्ध झालं, आता पक्ष पहिल्यांदाच माझ्याकडे आलाय. गुरुजींना तीन पिढ्यांची नावं हवीत. बाबा आणि आजोबा माहीत आहेत, पणजोबांना गाडी अडली. काकांना विचारलं तर म्हणे "आबा". आमच्यात सगळेच आबा! त्र्यंबकेश्वरला फोन केला, आडनाव सांगितलं, ते म्हणाले असं सापडत नाही. नऊ दिवस उरलेत. ट्रंकेत एक मोडी कागद मिळालाय, तो कुणाला वाचता येत नाही. कृपया "गावी जाऊन विचारा" सांगू नका, ते शक्य नाही.

गोदाकाठ
गाव कोणतं? नामावळ्या, म्हणजे तीर्थावर येणाऱ्या घराण्यांच्या नोंदींच्या वह्या, गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात आणि कोणत्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण हे ठरलेलं असतं. फोनवर नुसतं आडनाव सांगून वही उघडत नाही. शिवाय तुमच्या घरातलं कुणी कधी तिथे गेलेलंच नसेल तर नोंद कुठून येणार? नाशिकलाही विचारा. मला आमच्या खापरपणजोबांची सही तिथे मिळाली, अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.

बांधावरचा
कुणबी दाखल्यासाठी हवंय ना? सरळ गाव नमुना 14 काढा, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, बापाचं नाव असतं. कुणबी नोंदी शोधणारी शिंदे समिती आल्यापासून बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी कागदपत्रं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलीत. शाळेचा प्रवेश-निर्गम उताराही चालतो. अर्जासोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्याचा मसुदा माझ्याकडे आहे, पाठवू का?

कोरडा_पाऊस
दाखला नकोय. नाव हवंय.

सुगरण_बाई
पक्षात अळूच्या वड्या करता का तुमच्याकडे? आमच्याकडे खीर आणि वडे हवेतच, आणि यंदा अळू काय महाग झालंय!

हेळव्यांचा_मित्र
हेळवी विसरलात सगळे. आमच्याकडे कोल्हापूर-सांगली भागात बैल घेऊन दारात यायचे आणि घराण्याची साखळी घडाघडा म्हणायचे. पूर्वज कुठून आले, कोणत्या भावकीतून फुटले, सगळं. सरकारी कागदापेक्षा त्यांची वही खरी.

बांधावरचा
कोर्टात हेळव्याची वही दाखवा मग.

हेळव्यांचा_मित्र
त्यांना कोर्टात कुठं जायचंय? तर्पण करायचंय!

गोदाकाठ
भांडा नंतर. धागाकर्ते, गाव???

कोरडा_पाऊस
जावळी खोरं. कागदोपत्री आता महाबळेश्वर तालुका. गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, म्हणून जाता येत नाही म्हटलं. भावकीतले काही रायगडात वसवले, काही कुठे गेले माहीत नाही. आजोबा त्याआधीच मुंबईत गिरणीत होते.

शिवसागर
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आम्हीही कोयनेचेच. धरण 1964 ला पुरं झालं, त्याआधीच माणसं हलवायला लागले होते. गाव बुडालं तरी कागद बुडत नाही. साताऱ्याच्या जिल्हा पुनर्वसन शाखेत संकलन रजिस्टर विचारा, खातेदारांची कुटुंबं त्यात आहेत. भूसंपादनाचा निवाडाही मागा. आणि एक अडचण: जुन्या कागदात "महाबळेश्वर तालुका" शोधत बसू नका. इंग्रजी अमदानीत तो सगळा भाग जावळीतच धरायचे, आणि महाबळेश्वरच्या पेठेला मालकमपेठ म्हणत. माझे सहा महिने यात गेले.
कुलदैवत कोणतं? चकदेव असेल तर जत्रेत भावकीतलं कुणी ना कुणी भेटतंच. आम्ही अजून जातो, लाँचने पाणी ओलांडून आणि मग चढून.

कोरडा_पाऊस
चकदेवच. पण नऊ दिवसांत सरकारी रजिस्टर? आजोबांच्या गिरणीच्या कार्डावर "कोंडिबा आर." एवढंच आहे. भाऊ म्हणतो रामा, मी म्हणतो राऊ.

लॅबवाला
थुंकीची डीएनए चाचणी करा. वडिलांकडची रेष वाय गुणसूत्रात जशीच्या तशी उतरते.

शिवसागर
त्यात नाव लिहिलेलं असतं का हो?

उमाताई_ठाणे
तीन पिढ्यांचे पुरुष शोधताय, ठीक. तर्पणात आई, आजी, पणजीही घेतात ना? तिचं नाव कुणी विचारलं का? माझ्या आजीचं माहेरचं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं.
आणि काहीच मिळालं नाही तर अडू नका. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, नावाचंही गुरुजी सांभाळून घेतात. सर्वपित्री त्यासाठीच असते.

बोरूबहाद्दर
सगळे सल्ले झाले, कागदाचा फोटो कुणी मागितला नाही. टाका. पूर्ण, दोन्ही बाजू, ऊन न पडता.

कोरडा_पाऊस
टाकला. अर्धाच आला बहुतेक, घडीवर फाटेल म्हणून पूर्ण उघडला नाही.

बोरूबहाद्दर
अर्ध्यातही बरंच आहे. शके 1829, म्हणजे इसवी 1907-08. गहाणखत. घाई झालीय म्हणून फक्त कामाचं सांगतो. "राघू बिन येसू". बिन म्हणजे मुलगा, राघूचा बाप येसू. गाव वाचतोय, पण इथे लिहीत नाही. कार्डावरचा "आर" इथे बसतो. आजोबा कोंडिबा राघू असतील तर तुमचं काम झालं, आणि एक पिढी फुकटात मिळाली. पण तेवढ्यावर छाती ठोकून सांगणार नाही, गावात दोन राघूही असू शकतात. शिवसागर म्हणतात ते रजिस्टर काढाच.
उमाताई, तुमच्यासाठी: राघूच्या खाली "भागू कोम राघू". कोम म्हणजे बायको. त्याने नांगराची निशाणी केलीय, तिने बांगडीची. लिहिता न येणाऱ्यांची सही अशीच असायची.

कोरडा_पाऊस
ते गोल म्हणजे बांगडी? आम्ही डाग समजत होतो.
काकांना आत्ता फोन केला. "राघूआबा" म्हटल्यावर म्हणाले, हां, तेच की. आधी का सांगितलं नाही विचारलं तर म्हणे तू आबा कोण विचारलंस, राघू कोण विचारलं नाहीस.
भागूचं माहेर कुठलं असेल?

बोरूबहाद्दर
साक्षीदारांची नावं खालच्या घडीत गेलीत. गहाणावर बाईची निशाणी घेतलीय म्हणजे साक्षीला तिच्याकडचं कुणी असेलही, हा माझा अंदाज. कागद दमट फडक्यात थोडा वेळ ठेवून मग घडी सोडा, ओढू नका. आणि मग उरलेला फोटो टाका.

पुस्तकी_किडा
मोडीला दमट फडकं???? अजिबात नको, शाई पसरेल! आधी कुणा जाणत्याला दाखवा.

सुगरण_बाई
भागू म्हणजे भागीरथी. आमच्याकडेही एक होती.